नॉक थांबल्यावर

2005 साली साब या स्वीडिश कंपनीनं 9-5 बायोपॉवर नावाची गाडी बाजारात आणली. दोन लिटरचं टर्बो इंजिन. टाकीत पेट्रोल असेल तर 150 अश्वशक्ती आणि ई85, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन असेल तर 180. बाकी इंजिन तेच, टर्बो तोच. दोन वर्षांनी स्वीडनच्याच कोनिगसेगनं सीसीएक्सआर काढली तेव्हा हा फरक आणखी डोळ्यांत भरला. तिची पेट्रोलवर चालणारी थोरली बहीण सीसीएक्स 806 अश्वशक्तीची, आणि ही ई85 वर 1018.

हे वाचून इथेनॉल म्हणजे काहीतरी जालीम इंधन असावं असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते पेट्रोलपेक्षा कमजोर आहे. एक लिटर पेट्रोल जाळलं तर सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा निघते, एक लिटर इथेनॉलमधून 21 च्या आसपास. म्हणजे लिटरमागे एक-तृतीयांश घट. मग जादाचे 30 किंवा 200 घोडे आले कुठून?

इंजिन किती इंधन जाळू शकेल हे ठरतं ते त्याला मिळणाऱ्या हवेवर. इंधन काय, जास्त ओतता येतं. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरतं जाळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल दीडपटीहून जास्त जाळता येतं. कमी ऊर्जेचं इंधन, पण जास्त. गुणाकार केला तर किलोभर हवेमागे दोघांची ऊर्जा जवळजवळ सारखी येते. इथेनॉल फार तर दोन-तीन टक्क्यांनी पुढे. दोन-तीन टक्क्यांत 806 चे 1018 होत नाहीत. उत्तर इंधनाच्या ऊर्जेत नाहीच. ते शोधायला पेट्रोलवर चालताना इंजिनाला काय काय करता येत नाही हे बघावं लागतं.

सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की सगळं मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत स्पार्क प्लगपासून निघते आणि भिंतींकडे पसरत जाते. तेवढ्या क्षणभरात कडेचं अजून न पेटलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं. फार तापलं तर ज्योतीची वाट न बघता आपणहून भडकतं. हा नॉक. साध्या गाडीत चढावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर जी बारीक खडखड ऐकू येते ती हीच. साध्या गाडीत त्याकडे काही दिवस काणाडोळा करता येतो. टर्बो इंजिनात येत नाही. तिथे एक वातावरणाइतका जादा दाब दिला की हवा टर्बोतून बाहेर पडतानाच शंभर अंशांच्या वर गेलेली असते. इंटरकूलर ती थंड करतो, पण पुन्हा सिलिंडरमध्ये दाबली जाताना ती तापणारच. दाब जास्त, उष्णता जास्त, आणि त्यातला एखादा जोरदार नॉक पिस्टनची रिंग जिथे बसते त्या खाचेची कड उडवायला पुरेसा होतो.

म्हणून पेट्रोलवर चालणाऱ्या टर्बो इंजिनाचे हात तीन प्रकारे बांधलेले असतात. बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला जादा दाब, एका मर्यादेपुढे वाढवता येत नाही. ठिणगी जेव्हा पाडायला हवी त्यापेक्षा उशिरा पाडावी लागते. पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते यावर क्रँकला मिळणारा जोर ठरतो, आणि नॉकच्या भीतीनं हे टायमिंग मागे ओढून ठेवलेलं असतं. तिसरं म्हणजे पूर्ण जोरात गरजेपेक्षा बरंच जास्त पेट्रोल टाकावं लागतं, जे जळतच नाही. ते केवळ सिलिंडर गार ठेवायला टाकलेलं असतं. टर्बोवाल्या गाड्या जोरात हाकल्या की मायलेज का कोसळतं त्याचं हे एक कारण.

इथेनॉलनं हे बांधलेले हात सुटतात. त्याचा रिसर्च ऑक्टेन 108 च्या आसपास आहे. दाब-उष्णता सोसून ज्योत पोचेपर्यंत शांत राहण्याची ही ताकद. दुसरी गोष्ट मात्र ऑक्टेनच्या आकड्यात पुरती दिसत नाही. करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी तळहातावर सॅनिटायझर चोळला आहे. क्षणात हात गार पडायचा. बऱ्याच सॅनिटायझरमध्ये असायचं ते इथेनॉलच. वाफ होताना इथेनॉल भोवतालची उष्णता पेट्रोलच्या अडीचपट शोषतं, तेही किलोला किलो. त्यातून इथेनॉल दीडपटीहून जास्त टाकावं लागतं. दोन्ही धरून हिशेब केला तर तेवढ्याच हवेला मिळणारा गारवा चौपट निघतो. कागदावरचा हा चौपट गारवा सगळाच्या सगळा हवेला मिळत नाही. बऱ्याच इंजिनांत इंधन इनटेक वॉल्व्हच्या तापलेल्या पाठीवर फवारलं जातं आणि बरीचशी उष्णता त्या धातूतून ओढतं. तरीही सिलिंडरमध्ये पोचणारं मिश्रण चांगलंच थंड असतं, आणि थंड मिश्रण सहजी आपणहून भडकत नाही.

अमेरिकेत ई85 च्या पंपांवर पूर्वी सर्रास 105 ऑक्टेन असं सांगितलं जायचं आणि गाडीवेडे अजूनही तोच आकडा फेकतात. तिकडच्या पंपांवर लिहिण्याच्या पद्धतीनं, म्हणजे दोन चाचण्यांची सरासरी काढून, मोजलं तर ई85 चा आकडा 94 ते 96 येतो. तिथलं प्रीमियम पेट्रोल 93 चं असतं, कॅलिफोर्नियात तर 91 चंच. आकड्यांत फरक इतका थोडा आणि रस्त्यावर एवढा मोठा, याचं कारण तो गारवा.

हे ज्ञान नवं मुळीच नाही. डिसेंबर 1921 मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला टेट्राएथिल लेड सापडलं, तेव्हा अल्कोहोलनं नॉक थांबतो हे त्याला आणि त्याचा साहेब चार्ल्स केटरिंगला ठाऊक होतं. पण शिसं चिमूटभर पुरायचं आणि त्याचं पेटंट घेता यायचं. 1923 पासून शिसं घातलेलं पेट्रोल विकायला लागलं आणि ते जगभरातून हद्दपार व्हायला पाऊण शतकाहून जास्त काळ गेला. एवढ्या काळात किती मुलांच्या रक्तात ते शिसं गेलं त्याचा विचार केला तर हा निर्णय फार महागात पडला असंच म्हणावं लागतं. शर्यतींच्या जगानं मात्र अल्कोहोल सोडलं नाही. अमेरिकेतल्या इंडी गाड्या 1960 च्या दशकापासून मेथॅनॉलवर पळायच्या, 2007 चा मोसम त्यांनी इथेनॉलवर काढला आणि 2012 मध्ये टर्बो इंजिनं आली ती ई85 वरच.

आता घरच्या गाडीकडे येऊ. अमेरिकेत ई85 चे पंप चार हजारांच्या वर आहेत, त्यातले बरेच मक्याच्या पट्ट्यात, म्हणजे मिनेसोटा, आयोवा, इलिनॉय या भागात. तिथे तरुण पोरांच्या हाती जी गाडी हमखास दिसते ती सुबारूची डब्ल्यूआरएक्स एसटीआय. अमेरिकेत ती 2021 पर्यंत अडीच लिटरच्या ज्या टर्बो इंजिनावर विकली गेली त्याची ताकद 300 अश्वशक्तीच्या आसपास आणि सिलिंडरचा व्यास 99.5 मिलिमीटर. व्यास मोठा म्हणजे ज्योतीला जास्त अंतर कापायचं, म्हणजे कडेच्या मिश्रणाला आपणहून पेटायला जास्त वेळ. या इंजिनात नॉकनं पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटणं हे इतकं नेहमीचं दुखणं की जुनी गाडी घेताना लोक आधी सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासायला लावतात. अशा गाडीला इथेनॉल मानवणार यात नवल नाही.

पण सरळ पंपावर जाऊन ई85 भरलं तर? कंपनीनं तयार केलेला संगणक पेट्रोलच्या हिशेबानं इंधन सोडणार. ई85 त्याच हवेत सुमारे 35 टक्के जास्त लागतं, लिटरमध्ये मोजलं तरी. ऑक्सिजन सेन्सर बघून संगणक थोडीफार भर घालतो, पण त्याच्या दुरुस्तीलाही मर्यादा असते आणि पूर्ण जोरात तो बहुधा सेन्सरकडे बघतच नाही. मग इंजिन उपाशी चालतं. नॉक थांबवणारं इंधन भरूनही इंजिन बिघडवता येतं, ते असं.

म्हणून पहिलं काम इंधन पोचवण्याचं. 300 अश्वशक्तीसाठी पेट्रोलवर एका इंजेक्टरला मिनिटाला साधारण 460 मिलिलिटर सोडावं लागतं. इंजेक्टर उघडझाप करून मोजून इंधन सोडतो, त्यामुळे तो 85 टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवत नाहीत. म्हणजे इंजेक्टर 540 सीसीचा लागतो, सीसी म्हणजे मिलिलिटरच. आता त्याच गाडीतून ई85 वर 400 घोडे काढायचे तर मिनिटाला 820 मिलिलिटर लागतील आणि इंजेक्टर हवा 970 सीसीचा. म्हणूनच अशा गाड्यांत सरसकट 1000 सीसीचे किंवा त्याहून मोठे इंजेक्टर बसवलेले दिसतात. टाकीतल्या इंधनपंपाचीही तीच कथा. चार इंजेक्टर मिळून तासाला 200 लिटर मागतात, म्हणून पेटीवर 255 लिटर लिहिलेला पंप पुरेल असं वाटतं. पण इंधनाचा दाब बूस्टबरोबर वाढवावा लागतो, एरवी 3 बार असेल तर 1.4 बार बूस्टला 4.4, आणि दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. पेटीवरचा आकडा कमी दाबाचा असतो. त्यातून काही पंप पेट्रोलपुरतेच बनवलेले असतात. इथेनॉलमधून वीज पेट्रोलपेक्षा कितीतरी सहज वाहते, आणि टाकीत बुडालेल्या मोटरला ते सोसलं पाहिजे.

रबराच्या नळ्या कुजतील ही भीती जुन्या गाड्यांच्या बाबतीत खरी आहे. गेल्या वीस वर्षांतल्या गाड्या दहा टक्के इथेनॉल गृहीत धरूनच बनल्या आहेत. खरा त्रास होतो तो फिल्टरचा. इथेनॉल टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं साचलेला मळ सोडवतं आणि तो पहिल्या काही टाक्यांतच फिल्टरमध्ये येऊन बसतो. ऑइलही लवकर बदलावं लागतं, कारण थंड इंजिनात न जळलेलं इथेनॉल आणि पाणी खाली उतरतं. ऑइलचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला दुधाळ पिवळट थर दिसतो. झाकणापुरताच असेल तर बरेचदा हे हेड गॅस्केट गेल्याचं लक्षण नसतं, पण पहिल्यांदा बघणाऱ्याची झोप उडते.

आणखी एक गोष्ट नवशिक्याला चकवते. डॅशबोर्डवर बसवलेला हवा-इंधनाचा काटा आयडलला पेट्रोलवर 14.7 दाखवतो. ई85 भरल्यावर तो 9.8 दाखवेल अशी अपेक्षा असते, कारण ई85 चं प्रमाण तेवढंच आहे. पण काटा 14.7 वरच असतो. सेन्सरला इंधन कुठलं ते कळत नाही. धुरात ऑक्सिजन उरला की कमी पडला एवढंच तो सांगतो, आणि काटा त्या उत्तराला 14.7 नं गुणून मोकळा होतो. इंजिनाचा संगणक जुळवून देणारे जाणते ट्यूनर म्हणूनच लॅम्डामध्ये बोलतात: 1 म्हणजे नेमकं, 0.8 म्हणजे भरपूर, इंधन कुठलंही असो.

एवढं सगळं केलं तरी टाकीत नेमकं काय आहे हा प्रश्न उरतोच. ई85 हे नाव फसवं आहे. अमेरिकेच्या मानकानुसार या नावाखाली 51 ते 83 टक्क्यांपर्यंत कितीही इथेनॉल चालतं. कारण थंडीचं आहे. पेट्रोलची पेटण्याजोगी वाफ उणे चाळीस अंशांनाही होते, इथेनॉलची मात्र 13-14 अंशांच्या खाली पुरेशी होत नाही. मिनेसोटाच्या जानेवारीत शुद्ध इथेनॉलवर गाडी सुरूच व्हायची नाही, म्हणून हिवाळ्यात त्यात पेट्रोल वाढवतात. ब्राझीलमध्ये, जिथे फिआट 147 ही इथेनॉलवर चालणारी गाडी 1979 मध्येच विकायला आली, तिथे वर्षानुवर्षं बॉनेटखाली पेट्रोलची छोटी वेगळी टाकी द्यायचे, सकाळी गाडी सुरू करण्यापुरती.

जुन्या पद्धतीत हे प्रमाण हातानं तपासायचे, अजूनही तपासतात. खुणा केलेली काचेची नळी घ्यायची, खालच्या खुणेपर्यंत पाणी आणि वरच्या खुणेपर्यंत पंपावरचं इंधन भरायचं, बूच लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात जातं. मिनिटभरात दोन थर वेगळे होतात आणि पाण्याची रेघ वर चढलेली दिसते. किती चढली त्यावरून टक्केवारी वाचायची.

आता हे काम फ्लेक्स फ्युएल सेन्सर करतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी बनलेला हा मुठीएवढा सेन्सर इतका पसरला की कुठल्याही गाडीत तोच बसवतात. विद्युत क्षेत्राला पेट्रोल आणि इथेनॉल अगदी वेगळा प्रतिसाद देतात. पेट्रोलचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 2 च्या आसपास, इथेनॉलचा 24 च्या. इंधन सेन्सरच्या आतून वाहतं आणि सेन्सर संगणकाला ठोके पाठवतो: 50 हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, 150 म्हणजे शंभर. एक टक्क्याला एक हर्ट्झ, इतका सुटसुटीत हिशेब. संगणक त्यावरून इंधन, टायमिंग आणि बूस्ट तिन्ही बदलतो. हायवेवर ई85 मिळालं नाही म्हणून कुणी अर्धी टाकी प्रीमियम पेट्रोल भरलं तरी चालतं.

सेन्सरची तार तुटली तर काय, हे मात्र ट्यूनरनं आधीच ठरवून ठेवायला हवं. साधं उत्तर सुचतं ते असं, की संगणकानं सरळ पेट्रोल आहे असं समजावं. टायमिंगसाठी ते बरोबर आहे, इंधनासाठी घातक. टाकीत ई85 असेल तर इंजिन पुन्हा उपाशी. म्हणून शहाणे लोक शेवटचं माहीत असलेलं प्रमाण धरून इंधन चालू ठेवतात आणि बूस्ट-टायमिंग मात्र पेट्रोलचं करून टाकतात. कुणाचं ट्यूनिंग चांगलं हे मला विचारलं तर मी डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद बघणार नाही, ही एक गोष्ट विचारीन.

इथे आपल्याकडचा प्रश्न येतोच. 2014 मध्ये भारतातल्या पेट्रोलमध्ये दीड टक्का इथेनॉल असायचं, 2025 मध्ये ते 20 टक्क्यांवर गेलं, आणि त्यातलं काही आपल्याच साखर कारखान्यांच्या मळीतून आणि उसाच्या रसातून आलेलं. मग ई20 नं गाडीचा पिकअप वाढायला नको का? बहुतेक गाड्यांत नाही. ज्या इंजिनाचे हात नॉकनं बांधलेलेच नव्हते त्याला सोडवून काय होणार? त्याच्या वाट्याला येते ती फक्त लिटरमागची ऊर्जेतली घट, शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांची. एखादी टर्बो गाडी उन्हाळ्यात नॉकमुळे टायमिंग मागे ओढत असेल तर तिला थोडा फायदा होईल. कंपनीनं कॉम्प्रेशन वाढवून इंजिन नव्यानं बांधलं तर आणखी होईल. तोवर कारखान्याला आणि शेतकऱ्याला जे मिळायचं ते मिळेल, गाडीवाल्याला पिकअप मिळणार नाही.

परत त्या एसटीआयकडे. आता ती ई85 वर डायनोच्या रोलरवर उभी आहे. पेट्रोलवर ट्यूनरचं काम एका अर्थानं सोपं होतं. टायमिंग एकेक अंश पुढे घ्यायचं. ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर आत कुरबुर ऐकली की सांगायचा, बस, आणि ट्यूनर दोन अंश मागे यायचा. इंजिन स्वतःच सीमा दाखवत होतं. ई85 वर तो सेन्सर गप्प असतो. टायमिंग पुढे घेतलं, टॉर्क वाढला. आणखी घेतलं, अजून वाढला. मग एका ठिकाणी वाढ थांबते, आणि त्याच्याही पुढे गेलं तरी कसलाच आवाज येत नाही. पिस्टन अजून वर चढत असतानाच वरून पूर्ण दाब येतो, आणि तो सगळा कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर पडतो. डायनोच्या आलेखावर टॉर्क सपाट झालेला दिसतो, एवढीच काय ती सूचना. डायनोशिवाय रस्त्यावर ट्यूनिंग करणारा ही रेषा ओलांडून गेला तरी त्याला कळत नाही.

शिवाय नॉक आणि प्री-इग्निशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथेनॉल नॉकला दाद देत नाही, पण तापलेल्या पृष्ठभागावर ते पेट्रोलपेक्षा सहज पेटतं. प्लगचं टोक लाल झालं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि तिथे ऑक्टेन काही कामाचा नाही. म्हणून उष्णता लवकर सोडणारे, ‘थंड’ प्रकारचे प्लग टाकतात आणि त्यांची फटही कमी ठेवतात, वाढलेल्या दाबात ठिणगी विझू नये म्हणून.

आणि मग उरतो धातू. पेट्रोलवर नॉक इतका लवकर आडवा यायचा की रॉड किती सोसेल हे तपासायची वेळच यायची नाही. आता तीच मर्यादा पुढे येते. रॉडवर सगळ्यात जास्त भार पडतो तो कमी फेऱ्यांना, मिनिटाला 3000 ते 4000 च्या दरम्यान, टर्बो पुरता भरलेला आणि पिस्टन सावकाश वरखाली होत असताना. ई85 वर त्या टप्प्यात बूस्ट हवा तेवढा देता येतो, आणि पाठीवर बसणारा तो धक्का अनुभवायलाच तर लोक हा खटाटोप करतात. सुबारूचा जुना पाच गिअरचा गिअरबॉक्स याच धक्क्यानं दात गमावतो. एसटीआयचा सहा गिअरचा बराच टणक, तरी त्याचा क्लच आधी घसरायला लागतो. त्यामुळे इंजिन आतून बांधलेलं नसेल तर अनुभवी ट्यूनर त्या टप्प्यातला बूस्ट मुद्दाम कापतो आणि 5000 च्या पुढे हळूहळू परत देतो. गिऱ्हाईक कुरकुर करतं, मधला जोर कमी वाटतो म्हणतं. त्यावर ट्यूनर त्याला फोर्ज्ड रॉड-पिस्टनचा आणि इंजिन उघडून पुन्हा बांधण्याचा खर्च सांगतो.